लग्नघराचं पाणी

“बाहीला अजून दोन बोटं कापड सोड,” हालकुडेकाकू दारातूनच म्हणाल्या. “आन् हे बघ महानंदा, उद्या हळद. उद्या दिवसभर बोअर आपल्याकडं.”

त्यांच्या लेकीचा, शिवलीलाचा लग्नातला ब्लाऊज माझ्या मशीनवर होता. मी पाय थांबवला.

“दिवसभर?”

“मग? आचारी यायलेत, पाव्हणे यायलेत. आठ घागरीत लग्नघर निभतं का?”

“काकू, गल्लीला एकदा विचारा ना. नाही कोण म्हणणार?”

काकू उंबऱ्यावर उभ्या राहिल्या. घरमालकीण असूनही त्या माझ्या खोलीत कधी पाऊल टाकत नसत. जे बोलायचं ते उंबऱ्यावरून बोलत.

“मी विचारू? माझ्या दारातल्या पाण्यासाठी त्या मुक्ताबाईला विचारू?”

मी परत मशीनवर पाय ठेवला. त्यांनी ब्लाऊजकडे एकदा बघितलं, “बघते मी,” म्हणाल्या आणि निघून गेल्या.

ज्या उन्हाळ्यात लातूरला पाणी रेल्वेनं आणावं लागलं, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. नळाला शेवटचं पाणी कधी आलं होतं, हे आमच्या बारव गल्लीत कुणाला आठवत नव्हतं. गल्लीला आधार एकच होता, नगरसेवकाच्या निधीतून पाडलेला बोअर. जागा रस्त्याची, म्हणजे सगळ्यांची. पण बोअर नेमका हालकुड्यांच्या कंपाउंडला चिकटून पडला होता आणि वीज त्यांच्या मीटरवरून घेतलेली होती. बिल सगळी गल्ली मिळून भरत असे. तरीही काकू त्याला ‘आमचा बोअर’च म्हणत. गल्लीच्या खालच्या अंगाची माणसं मुद्दाम ‘रस्त्यावरचा बोअर’ म्हणत. एवढ्या एका शब्दावरूनही भांडणं व्हायची.

मी हालकुड्यांच्याच आवारात भाड्यानं राहत होते. माझे यजमान व्यंकट चाकणला कंपनीत होते, महिन्यातून एकदा यायचे. मी आणि चार वर्षांची समू, एक खोली, एक शिलाई मशीन. त्या उन्हाळ्यात भाडेकरूला फार सांभाळून राहावं लागे. भाडेकरू म्हणजे घरातल्या पाण्याला आणखी तोंडं. बऱ्याच ठिकाणी मालकांनी “पावसाळ्यात परत या” असं सांगून खोल्या रिकाम्या करून घेतल्या होत्या. रिकामी खोली मिळणं तर जवळजवळ अशक्यच. म्हणून मी काकूंना दुखवत नसे. त्यांच्या घरचं शिवणकाम आधी करून द्यायचे.

चैत्रात बोअरवर मारामारी झाली. कुणी कुणाच्या कपाळात कळशी घातली, टाके पडले. मग मारुतीच्या पारावर गल्ली जमली. नंबर लावायला, मोटार चालू-बंद करायला, मोटारीच्या पेटीची किल्ली सांभाळायला एक माणूस नेमायचा ठरला. एक नाव निघालं की दुसरीकडून आवाज यायचा. ही तर त्याची भावजय, हा तर वरच्या अंगाचा, तो तर खालच्या अंगाचा. असं करत करत सगळी गल्ली संपली. तेव्हा हालकुडेकाका, कधी तोंडातून शब्द न काढणारा माणूस, खाकरून म्हणाले, “आमची महानंदा कशी काय? हिचं गल्लीत ना माहेर ना सासर. दिवसभर दारातच मशीनवर असती.”

मुक्ताबाई बनसोडे तिथं होत्या. सरकारी दवाखान्यात आया म्हणून कामाला, राहायला गल्लीच्या पार खालच्या टोकाला. आवाज असा, की वॉर्डातले पेशंट त्यांच्या भीतीनंच बरे होतात म्हणायचे. त्यांनी माझ्याकडे खूप वेळ बघितलं.

“बघू,” त्या म्हणाल्या. “ठेवा हिलाच.”

मला त्या दिवशी केवढा अभिमान वाटला होता! लग्न होऊन आल्यापासून चार माणसांत कुणी माझं नाव घेतलं नव्हतं. मी किल्ली पदराला बांधली. घराला आठ घागरी, सकाळ-संध्याकाळ पाळी, मधल्या वेळात बोअरला विश्रांती. झिरपून झिरपून पाणी गोळा होत असे, त्याला तेवढा वेळ द्यावाच लागे. पहिले काही दिवस बायकांनी माझ्याशी भांडून पाहिलं, मग आपणहून रांगेत उभ्या राहू लागल्या. काकूंच्याही आठच घागरी. त्यांची कामवाली रांगेत असे. काकू गच्चीतून बघत असत.

आणि आता लग्न आलं होतं.

हळदीच्या दिवशी पहाटे मला आवाजानं जाग आली. पाणी पडत होतं. आधी वाटलं, स्वप्न आहे. त्या दिवसांत सगळ्यांनाच तसली स्वप्नं पडायची. मग ध्यानात आलं, आवाज काकूंच्या अंगणातल्या हौदातून येतोय. मी पदर चाचपला. किल्ली जागेवर होती. कुलपाला दोन किल्ल्या असतात, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

समू झोपेत होती. दार लोटून मी अंगणात आले. काकू हौदाच्या कठड्याला टेकून बॅटरी धरून उभ्या होत्या. फाटकाखालून आत घेतलेला काळा पाइप हौदात सोडलेला होता. धार चांगली होती. पण मी बघत असतानाच ती तुटली, पाइपनं एक उचकी दिली आणि परत लागली.

“काकू, हवा धरली बघा. बंद करा.”

“अजून अर्धाबी भरला नाही.”

“खाली पाणी संपत आलंय. मोटार कोरडी फिरली तर जळंल. मग कुणालाच नाही, तुम्हालाबी नाही.”

“जळू दे. मीटर माझा हाय.”

“बोअर गल्लीचा हाय काकू.”

हे मी कसं बोलले, मला आजही सांगता येणार नाही. काकूंनी बॅटरी माझ्या तोंडावर धरली.

“गल्लीचा? तुला तिथं कुणी बसवलं, ठाऊक हाय का? गल्लीनं? यांना तुझं नाव घ्यायला मी सांगितलं होतं. उगंच नाही सांगितलं. असली एखादी येळ येईल म्हणूनच सांगितलं.”

पाइपनं परत उचकी दिली. या वेळी धार लागायला वेळ लागला.

मला काकूंचा राग आला नाही, माझीच शरम वाटली. त्या पारावरचा माझा अभिमान, पदराला बांधलेली किल्ली, रांगेतल्या बायकांना मी सुनावलेले शब्द, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. मला माणूस म्हणून नेमलंच नव्हतं. काकूंच्या घरातली एक वस्तू रस्त्यावर ठेवावी, तशी मला ठेवली होती.

मी फाटक उघडून बाहेर गेले. पेटी उघडीच होती. स्टार्टरचं लाल बटण दाबलं. आतल्या पाण्याचा आवाज थांबला.

काकू फाटकाशी आल्या. आवाज चढवला नाही, घरात पाहुणे झोपले होते.

“लग्न झालं की खोली रिकामी कर,” एवढंच म्हणाल्या.

सकाळच्या पाळीला बायका आल्या. मी मोटार लावली. बोअरच्या नळानं आधी नुसती हवा सोडली, मग थुंकल्यासारखा लाल चिखल, आणि मग काहीच नाही. मी बंद केली, थोडं थांबून परत लावली. परत हवाच.

कुणाच्या हातात घागरी, कुणाच्या डोक्यावर. क्षणभर कुणी हललं नाही. मग एकदम गलका झाला. बोअर आटला, आता काय करायचं, लेकरांना काय पाजायचं. एक म्हातारी तिथंच घागरीवर बसली आणि रडायला लागली. कुणीतरी म्हणालं, “काल संध्याकाळी तर चांगलं होतं. रात्रीतून कुणीतरी चालवलीय.”

मुक्ताबाई माझ्यापुढे आल्या. ड्युटीवर जायच्या तयारीत होत्या, पांढरी साडी नेसलेल्या.

“किल्ली कुणाकडं असती?”

“माझ्याकडं.”

“मग कुणी चालवली? तू?”

हालकुड्यांच्या ओसरीवर पाहुण्या बायका दात घासत उभ्या होत्या. त्यांच्यामागे दाराला धरून काकू. अंगावर नवी साडी, चेहरा पिठासारखा. पाइप आत ओढून घेतलेला होता. मी एक शब्द बोलले असते तर सगळी गल्ली त्यांच्या अंगणात शिरली असती. आणि ओसरीवरच्या त्या पाहुण्या बायकांनी संध्याकाळच्या आत औशाला, मुलाकडच्यांच्या कानावर घातलं असतं, की नवरीची आई पाण्याची चोर आहे. शिवलीला वरच्या खिडकीत होती. तिचं माझं चांगलं होतं. समूला ती गोष्टी सांगायची.

आणि मी नाही बोलले असते तर चोर मी.

“कुणी चालवली ते मला ठाऊक हाय, मावशी,” मी म्हणाले. “पण आत्ता नाही सांगणार. आधी मिस्त्रीला बोलवा. पाणी आल्यावर सांगते.”

“आन् आलंच नाही तर?”

“तरी संध्याकाळी सांगते. इथंच. सगळ्यांसमोर.”

“सांगती म्हणं!” मागून कुणीतरी म्हणालं. “हिनंच इकलं असंल टँकरवाल्याला.”

मुक्ताबाईंनी मागे वळून बघितलं, तशी ती बाई गप्प झाली. “संध्याकाळी,” त्या मला म्हणाल्या. “मी ड्युटीवरून येते. तवर कुठं जाऊ नको.”

“जाते कुठं मावशी, लेकरू घेऊन?”

शफी मिस्त्री आले. त्यांनी पेटी उघडून तारा तपासल्या, मोटार क्षणभर लावून पाहिली. “जळाली नसावी,” म्हणाले. “पण खाली पाणीच नाही, ती बिचारी काय करील? दिवसभर हात लावू नका. संध्याकाळी बघू. वादा करत नाही.”

तो दिवस कसा गेला ते विचारू नका. उन्हानं पत्रे तडतडत होते. पोरं हंडे घेऊन दुसऱ्या गल्ल्यांत हिंडून आली, रिकामीच. तिकडच्यांची स्थिती काही वेगळी नव्हती. माझ्याकडे कालचं थोडं पाणी होतं, ते समूसाठी झाकून ठेवलं. काकूंच्या घरात हळद लागत होती, पण गाणी कुजबुजल्यासारखी येत होती. हौदात अर्ध्याला कमी पाणी होतं आणि त्यातला एक तांब्या जरी उचलला तरी बाहेर आवाज जाईल, अशा बेतानं ती माणसं वागत असावीत.

मी ब्लाऊजला हुक लावत बसले. सुई नीट ओवली जात नव्हती. व्यंकटना फोन केला, सगळं सांगितलं.

“तू कशाला पडलीस त्यात?” ते म्हणाले. “आपलं काय अडलं होतं?”

“आता पडले.”

“बरं. मी परवा निघतो. मित्राचा टेम्पो मिळतो का बघतो. सामान बांधून ठेव.”

“जायचं कुठं पण?”

“बघू. गावाकडं जाऊ.”

गावाकडे मशीन चालवून पोट भरणार नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं, मलाही.

दुपारी दारात सावली पडली. काकू होत्या. हातांना हळद होती. त्या उंबऱ्यावर थांबल्या, मग आत आल्या आणि कापडाच्या तुकड्यांत, खाली फरशीवर बसल्या. मी मशीनवरून उठून खाली बसले.

“सांगणार हायस?”

“सांगते म्हणलंय काकू.”

“माझी लेक उद्या बोहल्यावर चढायलीय.” त्यांचा आवाज फाटला. “पोरगी सावळी म्हणून दोन ठिकाणी मोडलं. हे तिसरं. तुला ठाऊक हाय. मी म्हणलं, पाव्हण्यांना काही कमी पडायला नको. कुणी नाव ठेवायला नको. दुसरं काही नव्हतं माझ्या मनात.”

“मग विचारलं कामून नाही गल्लीला?”

“नाही म्हणले असते तर?”

एवढंच होतं. इतके महिने मला वाटत होतं, काकूंना गर्व आहे. गर्व होताच, पण त्याच्या खाली ही भीती होती. जन्मात कधी कुणाकडे काही मागितलं नव्हतं, आणि मागितल्यावर कुणी नाही म्हटलं तर तोंड कुठं लपवायचं, हे त्यांना माहीत नव्हतं. मला ते चांगलं माहीत होतं. भाड्यानं राहणाऱ्या माणसाला तेवढं एकच नीट येतं.

“काकू,” मी म्हणाले, “माझ्या तोंडून निघालं तर ती चोरी हुईल. तुमच्या तोंडून निघालं तर उसनं.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

“मला खोटं बोलता येणार नाही. लोक मलाच चोर म्हणायलेत. पण तुम्ही आधी बोललात तर मला बोलायची गरज नाही.”

काकूंनी फरशीवरचा एक तुकडा उचलला, शिवलीलाच्या ब्लाऊजचा, आणि बोटांभोवती गुंडाळत बसल्या. मग उठून गेल्या. तुकडा त्यांच्या हातातच गेला.

संध्याकाळी सगळी गल्ली बोअरपाशी होती. पुरुषसुद्धा आले होते. एरवी ते पाण्याला कधी येत नसत. घागरींची रांग पाराच्याही पुढे गेली होती. मुक्ताबाई ड्युटीवरून तशाच आल्या होत्या. शफी मिस्त्रींनी पेटी उघडली आणि माझ्याकडे बघितलं. मी बटण दाबलं.

हवा आली.

नळ फुरफुरत राहिला. मग चिखलाची एक गुळणी आली. मग परत हवा. मिस्त्रींनी बंद करायला हात पुढे केला, मी म्हणाले, “थांबा थोडं.” खरं तर मला काही कळत नव्हतं. फक्त ते बंद झालेलं मला बघवलं नसतं.

नळ एकदा जोरात खोकला. लाल पाणी आलं, तुटलं. परत आलं. करंगळीएवढं होतं ते अंगठ्याएवढं झालं, लालाचं पिवळट झालं, आणि मग एकदम जाड, गार पाण्याची धार खालच्या दगडावर आदळली.

लोक ओरडले नाहीत. मला वाटलं होतं ओरडतील. सगळ्यांनी एकदम श्वास सोडला, आणि तो आवाज मी अजून विसरलेले नाही. सकाळी रडणारी म्हातारी पुढे झाली, धारेखाली नुसता हात धरला आणि तो ओला हात डोळ्यांवरून फिरवला. मी पेटीला धरून उभी राहिले.

“आलं पाणी,” मुक्ताबाई म्हणाल्या. “बोल आता.”

मी तोंड उघडलं. हालकुड्यांच्या ओसरीकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलंच. ओसरी रिकामी होती. वाटलं, संपलं. आता मलाच बोलावं लागणार.

“पहाटं मोटार मी लावली होती.”

आवाज रांगेतून आला. काकू रांगेच्या मागच्या बाजूनं आल्या होत्या, फाटकातून नाही. पाहुण्यांना न सांगता मागच्या दारानं, वळसा घालून आल्या असाव्यात. हातांची हळद अजून तशीच होती.

“दुसरी किल्ली माझ्याकडं होती. हौदात पाणी हाय. अर्ध्याला कमी. आचाऱ्यानं थोडं घेतलंय.” त्या थांबल्या. पुढचे शब्द त्यांना येत नव्हते, नुसते ओठ हलले. “उद्या लेकीचं लग्न हाय. मला... विचारायला पाहिजे होतं. आता विचारते. ते पाणी मला उसनं द्या. फेडीन मी.”

रांगेत कुजबूज झाली. कुणीतरी मोठ्यानं “वा!” म्हणालं. कुणीतरी म्हणालं, “आमच्या लेकरांनी दिवसभर थुंकी गिळली, त्याचं काय?” ते खोटं नव्हतं. काकू खाली मान घालून उभ्या होत्या. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं, आणि बघायला मला अजिबात आवडलं नाही.

सगळे मुक्ताबाईंकडे बघत होते. त्यांचं काकूंशी वाकडं होतं, हे गल्लीतल्या कुत्र्यालाही माहीत होतं. त्यांनी पदरानं मान पुसली.

“हौदातलं आता बोअरमधी तर घालता येत नाही,” त्या म्हणाल्या. “आन् गल्लीतली पोरगी चाललीय, पाव्हणे पाण्यावाचून उठले तर नाव गल्लीचंच जाईल. राहू द्या ते. पण ऐका, हालकुडेबाई. फिटंपर्यंत तुमच्या घागरी बंद. आन् आजपासून गल्लीत कुणाचंबी लग्न असो, मयत असो, बाळंतीण असो, आधी इथं येऊन सांगायचं. गल्ली उसनं दील. नाही म्हणणार नाही. पण न सांगता घ्यायचं नाही. कुणाला काही बोलायचंय?”

“दुसरी किल्ली?” रांगेतून कुणीतरी विचारलं.

काकूंनी कमरेची किल्ली काढून पुढे केली. मी हात पुढे केला नाही. मुक्ताबाईंनी ती घेतली आणि ब्लाऊजमध्ये खोचली. “ही माझ्याकडं राहील. महानंदा आजारी पडली तर.” मग त्या रांगेवर ओरडल्या, “आता उभ्या कामून राहिलात? धार वाया जायलीय! लावा घागरी!”

दुसऱ्या दिवशी अक्षता पडल्या. शिवलीलाला तो ब्लाऊज छान बसला होता. जेवणाला बहुतेक गल्ली आली, ‘थुंकी गिळली’ म्हणणारेसुद्धा. पाणी वाढताना कुणी पेला पूर्ण भरू देत नव्हतं, प्रत्येक जण हात आडवा धरत होता. वाढणाऱ्या मुलांना त्याचं हसू येत होतं.

माझ्या शेजारी मुक्ताबाई बसल्या होत्या. मनात एक गोष्ट सलत होती, ती मी शेवटी बोलून टाकली.

“मावशी, एक सांगू का? मला किल्ली दिली ना, ते काकूंनीच घडवून आणलं होतं. काकांना त्यांनीच माझं नाव घ्यायला लावलं होतं. मला कालच कळलं.”

मुक्ताबाईंनी भाताचा घास तोंडाशीच थांबवला आणि माझ्याकडे बघून हसायला लागल्या. एवढं हसल्या, की ठसका लागला.

“तुला कालच कळलं? अगं माय! हालकुडेकाका कधी स्वतःच्या मनानं बोलल्यालं कुणी ऐकलंय का? त्या दिवशी पारावर सगळ्यांनाच कळालं होतं.”

“मग हो कामून म्हणलात?”

“दुसरं कोण होतं? म्हणलं, बसू दे. बघू. बाई वाकडी वागली की उठवू.” त्यांनी बुंदीचा लाडू फोडून अर्धा माझ्या पानात टाकला. “पहिल्या आठवड्यात मी रोज खिडकीतून बघत होते. हालकुड्यांच्या घागरी मोजायची.”

“आन् मग?”

“मग सोडून दिलं. रोज आठच भरायच्या. काय बघायचं त्यात?” त्यांनी मला कोपरानं ढोसलं. “जेव आता.”

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी भांडी पोत्यात भरत होते. मशीन पुसून जुन्या चादरीत बांधलं होतं. समू त्यावर बसून घोडा घोडा खेळत होती. काकू आल्या. रात्रभर रडल्यासारखे डोळे, केस विस्कटलेले. पोत्याकडे बघून दारातच थांबल्या.

“हे काय?”

“तुम्ही म्हणला होता ना काकू. लग्न झाल्यावर खोली...”

काकूंनी पोत्याकडे बघितलं, मशीनकडे बघितलं, समूकडे बघितलं.

“लग्न कुठं झालंय अजून?” त्या म्हणाल्या. “पाचपरतावनाला माहेरी यायची राहिलीय. पोरगी पहिल्या सणाला येईल. अधिक महिना यायचाय, जावयाचं वाण राहिलंय. येवढ्यात झालं का लग्न?” मग समूला उचलून कडेवर घेतलं. “हिला नेते थोडा वेळ. घर खायला उठतंय.”

आणि गेल्या. पुढे सहा वर्षं आम्ही त्या खोलीत राहिलो, पण खोलीबद्दल त्यांच्या-माझ्यात जे काही बोलणं झालं ते एवढंच.

मी पोत्यापाशी तशीच बसून होते, तेवढ्यात फोन वाजला. व्यंकटचा.

“टेम्पो मिळाला,” ते म्हणाले. “उद्या सकाळपर्यंत पोचतो. बांधलं का सगळं?”

“टेम्पो नको.”

“नको? कामून? काय झालं?”

सांगायला खूप होतं. पण एकदम डोळे मिटायला लागले होते. तीन रात्री मी नीट झोपले नव्हते, हे त्या क्षणी अंगाला कळलं.

“काही झालं नाही. तुम्ही एकटेच या,” मी म्हणाले. “बसनं या. मला झोप आलीय. उठल्यावर सांगते.”

फोन ठेवला आणि तिथंच, भांड्यांच्या पोत्याला डोकं टेकून, दार सताड उघडं ठेवून झोपले. संध्याकाळी पाळीची वेळ झाली तेव्हा मुक्ताबाईंनी मला उठवलं नाही. त्यांच्याकडच्या किल्लीनं मोटार लावली, सगळ्यांचं पाणी भरून झाल्यावर बंद केली, आणि माझ्या आठ घागरी दारात आणून ठेवल्या.